सहा जण, तीन रात्री, मुंबई: खोलीच्या दराआधी काय मोजायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून मुंबई बघायला यायचंय. तुम्ही दोघं, सासू-सासरे, अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मुक्काम तीन रात्रींचा आणि राहण्यावर पंधरा हजारांच्या वर जायचं नाही. ॲपवर वाशीला १,८०० रुपयांची खोली दिसतेय, ती घेऊ का?

घेऊ नका, असं माझं मत आहे. मी बावीस वर्षं कुटुंबांच्या सहली आखून देते. त्यात मुंबईला येणारी कुटुंबं सर्वांत जास्त, आणि बहुतेकांचा हिशोब याच ठिकाणी चुकतो. खोलीचा आकडा समोर दिसतो म्हणून आपण तोच मोजतो. प्रत्यक्षात खिशातून जातो तो त्या खोलीत राहून काढलेल्या अख्ख्या दिवसाचा खर्च.

वाशीचा दिवस मांडून बघा. तुम्ही सहा जण, म्हणजे १,८०० च्या दोन खोल्या. आजी-आजोबांच्या खोलीत नात झोपणार, तिथे एक जादा गादी, ५०० रुपये धरू. झाले ४,१००. त्यावर ५ टक्के जीएसटी, ४,३०५. एवढ्या दराच्या खोलीत नाश्ता बहुधा नसतो, बाहेर सहा जणांचा पाचशेला होतो. सकाळी हार्बर लोकलने सीएसएमटी गाठाल, सव्वाशे-दीडशेत काम होईल, पण ऑफिसच्या गर्दीत सासूबाईंना डब्यात चढवायचं आहे हे लक्षात घ्या. रात्री मरीन ड्राइव्हवरून परतताना मुलगा खांद्यावर झोपलेला असतो आणि आजोबांचे पाय दुखत असतात, त्या वेळी कुणीही लोकलचं नाव काढत नाही. टॅक्सी करावी लागते. सहा जण एका साध्या गाडीत बसत नाहीत, म्हणून दोन गाड्या, प्रत्येकी ८०० च्या आसपास. सगळं मिळून दिवसाला साडेसहा हजार. शिवाय रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासात जातात ते वेगळे, आणि मला त्यांचं पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं. सुट्टीच तीन दिवसांची आहे.

हे दर मी दिवाळीच्या आठवड्याचा अंदाज म्हणून धरलेत. तुम्ही बघाल त्या दिवशीचे आकडे त्या जागी घाला, रीत तीच ठेवा.

आता दुसरं टोक, म्हणजे फोर्ट, कुलाबा, सीएसएमटीचा परिसर. गेटवे, संग्रहालय, मरीन ड्राइव्ह सगळं जवळ, रात्री जेवून चालत खोलीवर येता येतं. पण बऱ्यापैकी स्वच्छ खोलीला ३,५०० तरी मोजावे लागतात, आणि दोन खोल्या, गादी, कर, नाश्ता धरून दिवस साडेआठ हजारांपर्यंत जातो. याहून स्वस्त जे दिसतं ते बहुतेक जुन्या इमारतींमधलं असतं, आणि तिथे एक गोष्ट विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही: लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून सुरू होते का. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका कुटुंबाला मी या भागात तिसऱ्या मजल्यावरच्या हॉटेलात उतरवलं होतं. लिफ्ट आहे असं मला सांगितलं होतं आणि ती होतीही, पण पहिल्या मजल्यावरून. तिथवर पोचायला अंधारा, उंच पायऱ्यांचा लाकडी जिना. त्या कुटुंबातल्या आजी चार दिवसांत दोनदाच खाली उतरल्या. मुंबई बघायला आलेल्या त्या बाईंनी खिडकीतून समोरची भिंत बघत दिवस काढले. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला काय झेपेल ते मी आधी विचारते, दराकडे नंतर वळते. तुमच्याकडे हे ठरवण्याचा मान सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि पाच वर्षांच्या मुलाच्या झोपेला द्या.

दादर हा मधला पर्याय. मराठी जेवण, पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांच्या लोकल, सिद्धिविनायक जवळ, शिवाजी पार्कात मुलांना संध्याकाळी मोकळं सोडता येतं. मला स्वतःला दादर फार आवडतं. दिवसाचा हिशोब सात-साडेसात हजारांत बसतो. सासूबाईंना मुख्यतः देवदर्शनच करायचं असेल तर थोडे जास्त देऊन दादर घ्या, असं मी म्हणेन. फक्त स्टेशनजवळची खोली घेताना रस्त्याकडची नको म्हणून सांगा, तिथला फुलबाजार पहाटेच जागा होतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातही दादर टाळावं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, आणि त्या दिवसांत तिथली जागा अभिवादनाला येणाऱ्यांनाच लागते.

तुमच्या पंधरा हजारांत बसणारं उत्तर माझ्या मते अंधेरी पूर्वेला आहे, मरोळ नाक्याच्या आसपास. तीन-चार वर्षांपूर्वी मी हे मुळीच सुचवलं नसतं, कारण तिथून दक्षिण मुंबई गाठणं म्हणजे अर्धा दिवस गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि चित्र बदललं. मरोळ नाक्याला भुयारी, वातानुकूलित गाडीत बसायचं आणि गाडी न बदलता सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, महालक्ष्मी, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट यांपैकी हवं तिथे उतरायचं. स्टेशनांत लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. तिकीट १० पासून ७० रुपयांपर्यंत, म्हणजे सहा जणांचे जाऊन-येऊन कितीही झाले तरी ८४० च्या वर जात नाहीत. वाशीला रात्री परतायलाच त्याच्या जवळजवळ दुप्पट लागत होते.

आणि दिवाळीत या भागाला एक खास फायदा आहे. अंधेरी पूर्व, साकीनाका, वांद्रे-कुर्ला संकुल, पवई इथली हॉटेलं कामासाठी येणाऱ्या माणसांवर चालतात. सोमवार ते गुरुवार ती भरलेली आणि महाग, शनिवार-रविवारी रिकामी. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत आणि लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी कामाचा प्रवास जवळपास थांबतो, कारण जो तो घरी असतो. या दिवसांत एरवी साडेतीन हजारांना जाणारी खोली चोवीसशेपर्यंत खाली आलेली मी अनेकदा पाहिली आहे. पर्यटकांच्या भागांत नेमकं उलटं होतं. लोणावळा, अलिबाग, कुलाबा दिवाळीत चढतात. म्हणून भाऊबीज घरी करून दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने निघा आणि ऑफिसं पुरती सुरू व्हायच्या आत परत फिरा. सुट्टीतली दुसरी तारीख कुणी सुचवत असेल, उदाहरणार्थ नाताळ ते १ जानेवारी, तर ती मुंबईसाठी वर्षातली सर्वांत महाग वेळ समजा.

मरोळमध्येही डोळे उघडे ठेवावे लागतात. ॲपवर ‘विमानतळाजवळ’ लिहिलेलं हॉटेल मेट्रोपासून दोन किलोमीटर आत गल्लीत असू शकतं. नकाशावर हॉटेलपासून स्टेशनच्या दारापर्यंत चालण्याचा रस्ता काढा. सहा-सातशे मीटरच्या वर असेल तर सोडून द्या. चकाला किंवा एअरपोर्ट रोड या मेट्रो १ च्या स्टेशनांजवळचं हॉटेलही चालेल, तिथून मरोळ नाका एक-दोन स्टेशनांवर आहे आणि तिथे गाडी बदलता येते. या भागात रिक्षा मिळते, किमान भाडं २६ रुपये. पण रिक्षात तिघंच, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत, तिथे काळी-पिवळी टॅक्सी, किमान ३१ रुपये, किंवा बेस्टची बस.

आता दर खाली कसा आणायचा ते सांगते. इथे थोडा वेळ घेते, कारण खरी बचत इथे होते.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ज्या दिवशी सिद्धेश्वर एक्सप्रेसची तिकिटं काढाल त्याच दिवशी हॉटेलही धरून ठेवा, पण ‘मोफत रद्द करता येईल’ अशा अटीवरच. पैसे परत न मिळणारा दर थोडा कमी दिसतो, मोह होतो. घरात लहान मूल आणि दोन वयस्कर माणसं असताना तो घेऊ नये. एक ताप आला की सगळे पैसे गेले. मोफत रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ वहीत लिहा. मग सहलीच्या पंधरा दिवस आधी आणि पुन्हा चार-पाच दिवस आधी त्याच हॉटेलचा दर बघा. खाली आला असेल तर आधी नवीन बुकिंग करा, ते पक्कं झाल्याचा निरोप आला की जुनं रद्द करा. हा क्रम उलटा करू नका.

ॲपमध्ये शोधताना मुलांची खरी वयं भरा. ‘दोन प्रौढ’ एवढंच टाकलं की दर छान दिसतो आणि काउंटरवर मुलीचे जादा पैसे मागितले जातात. मग सामान घेऊन उभं राहून वाद घालावा लागतो. बहुतेक ठिकाणी पाच वर्षांपर्यंतचं मूल आई-वडिलांच्या पलंगावर मोफत असतं, पण काही हॉटेलं पाच पूर्ण झाल्यावर पैसे लावतात. तुमचा मुलगा नेमका त्या सीमेवर आहे, तेव्हा हे आधीच विचारून घ्या. दर बघताना करासकटचा शेवटच्या पानावरचा आकडा बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कुणी अजून जुन्या दराने बिल करत असेल तर शांतपणे विचारा. ॲपचं स्वतःचं सुविधा शुल्क यात नसतं, ते वेगळं आणि त्याच्यावर वेगळा कर. कूपन लावून वाचलेले दोनशे रुपये तिथेच परत जाताना मी पाहिलेत.

‘फक्त एक खोली शिल्लक’, ‘आत्ता अकरा जण बघत आहेत’ असली लाल अक्षरं दिसली तर फोन खाली ठेवून चहा घ्या. खोटी घाई दाखवून विकणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांमध्ये नाव घेऊन धरलेलं आहे. न सांगता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणंही त्यातच येतं, म्हणून पैसे भरण्याआधी अशा चौकटींतल्या बरोबरच्या खुणा काढा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

ॲपवरून तीन हॉटेलं निवडलीत की पुढचं काम फोनचं. ॲपवाल्यांना हॉटेल प्रत्येक बुकिंगमागे दलाली देतं, लहान हॉटेलांना ती साधारण पंधरा ते पंचवीस टक्के पडते. थेट आलेल्या गिऱ्हाइकाला त्यातलं थोडं सोडायला मालक आनंदाने तयार असतो. पूर्वी करारांत अशी अट असायची की ॲपवर आहे त्यापेक्षा कमी दर हॉटेलने दुसरीकडे द्यायचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींवर दंड लावला, आणि हॉटेलांवर लादलेल्या अशा समान दराच्या अटी काढायला सांगितलं. तेव्हा थेट दर विचारताना संकोच करू नका, तो तुमचा आणि हॉटेलवाल्याचा सरळ व्यवहार आहे.

फोन दुपारी तीन ते पाचमध्ये करा. सकाळी खोल्या रिकाम्या करण्याची गडबड असते आणि रात्री काउंटरवर जो असतो त्याच्या हातात काही नसतं. दुपारी मॅनेजर भेटतो. मी साधारण असं बोलते:

‘नमस्कार, सोलापूरहून एक कुटुंब येतंय, सहा जण, त्यात दोन वयस्कर आणि दोन मुलं. तीन रात्री, दोन खोल्या हव्यात. ॲपवर तुमचा दर चोवीसशे दिसतोय. थेट तुमच्याकडे बुक केलं तर काय द्याल?’

आणि मग गप्प बसते. समोरचा आधी बोलू दे. तो शंभर-दीडशे कमी करतो. त्यानंतर मी दरावर ताणत नाही. दर आणखी उतरवायचा तर मॅनेजरला मालकाला विचारावं लागतं, पण जादा गादी, नाश्ता, लवकर खोली देणं, शेजारशेजारच्या खोल्या, गरम पाण्याची किटली या गोष्टी त्याच्या स्वतःच्या हातात असतात. रिकाम्या आठवड्यात तो त्या सहज देतो. ‘दर तेवीसशे असू द्या, पण मुलीची गादी आणि सगळ्यांचा नाश्ता त्यातच धरा’ असं म्हणा. गादी आणि नाश्ता मिळून दिवसाला हजार-अकराशे वाचतात, दरात तेवढे सोडायला तो कधीच तयार झाला नसता.

हे जमलं तर हिशोब असा: २,३०० च्या दोन खोल्या ४,६००, जीएसटी २३०, एकूण ४,८३०. तीन रात्रींचे १४,४९०. तुमच्या पंधरा हजारांच्या आत. मेट्रो धरून दिवस ५,६७० ला पडतो. अठराशेच्या वाशीपेक्षा साडेआठशेने कमी.

मॅनेजर नाही म्हणाला तर रागावू नका, यादीतलं दुसरं हॉटेल लावा. दुसऱ्याने दिलेला दर पहिल्याला खोटा कमी करून सांगू नका. ही माणसं वर्षानुवर्षं काउंटरवर उभी असतात, त्यांना कळतं, आणि खरं बोलणाऱ्याला पुढच्या वेळीही चांगली खोली मिळते.

फोनवरच विचारायच्या आणखी काही गोष्टी. खोलीला खिडकी आहे का? मुंबईत बिनखिडकीच्या खोल्या भरपूर आहेत आणि फोटोत पडदा लावून ते झाकलेलं असतं. कमोड आहे का, सासऱ्यांसाठी. गरम पाणी चोवीस तास की सकाळी ठरावीक वेळेत? खाली किंवा शेजारी बार आहे का? हा प्रश्न सरळ विचारा, मुलगी बरोबर आहे म्हणून सांगा. तुमच्याकडे कुटुंबं उतरतात का, हेही विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथे जाऊ नका.

ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागा: तारखा, दोन खोल्या, गादी आणि नाश्ता धरून करासह एकूण रक्कम, खोली किती वाजता मिळेल. आगाऊ पैसे मागितले तर एका रात्रीपेक्षा जास्त देऊ नका, आणि ते देण्याआधी हॉटेलचा नंबर दोन ठिकाणी जुळतो का ते बघा. हॉटेलांच्या नावाने खोटी संकेतस्थळं आणि खोटे नंबर टाकून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. दाराच्या पाटीच्या फोटोत दिसणारा, किंवा लोकांनी टाकलेल्या बिलावर छापलेला नंबर मला जास्त भरवशाचा वाटतो. ‘क्यूआर पाठवतो, पूर्ण भरा, आणखी वीस टक्के सूट’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर कळवा, पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करून नाव आणि तारीख पक्की करा. हे मी कधीच चुकवत नाही. एकदा ‘हॉटेलात पैसे द्या’ या पद्धतीचं बुकिंग असलेलं कुटुंब सकाळी सात वाजता दारात पोचलं आणि काउंटरवरचा म्हणाला, असं बुकिंग आमच्याकडे नाही. मधल्या दिवसांत दर चढले होते, खोली दुसऱ्याला गेली होती. दीड तास ती माणसं सामानावर बसून होती आणि मी पुण्यातून एकेक नंबर फिरवत होते. चूक माझीही होती, मी आदल्या दिवशी विचारलं नव्हतं.

अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे आणि एक ताऱ्याचे दोन्ही सोडा. दोन आणि तीन ताऱ्यांचे, गेल्या तीन महिन्यांतले वाचा, तिथे लोक खरं लिहितात: ‘जागा चांगली, पण बाथरूमला वास’, ‘माणसं प्रेमळ, गीझर बंद’. गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघा, विशेषतः बाथरूमचे. ढेकूण हा शब्द एकदा जरी दिसला तरी ते हॉटेल माझ्या यादीतून जातं.

आता तुमच्या गाडीचा प्रश्न, कारण सोलापूरकरांचं नेमकं इथेच अडतं. सिद्धेश्वर सकाळी सातच्या सुमाराला पोचते आणि हॉटेलात खोली मिळते बाराला किंवा दोनला. रात्रभर प्रवास केलेली सहा माणसं पाच तास कुठे जाणार? दादरला घाईत उतरू नका, शेवटच्या स्टेशनापर्यंत या, तिथे गाडी थांबूनच असते, सासू-सासरे निवांत उतरतील, आणि मेट्रोचं सीएसएमटी स्टेशन बाहेरच आहे. दिवाळीच्या रिकाम्या आठवड्यात हॉटेलवाला सकाळी आठ-नऊला खोली द्यायला बहुधा तयार होतो. दोन्ही नाही तरी एक तरी मागा, आळीपाळीने अंघोळी होतात. तो नाहीच म्हणाला तर स्टेशनातल्या विश्रांतीगृहाची खोली काही तासांसाठी घेता येते. आयआरसीटीसीवर कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती मिळते, लवकर भरते म्हणून तिकिटाबरोबरच बघा. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ पासून झोपायच्या कप्प्यांचं पॉड हॉटेलही आहे, पण कप्प्यात वाकून चढावं लागतं. वयस्कर माणसं आणि लहान मुलासाठी मी ते सुचवत नाही.

दादर, मुंबई सेंट्रल भागातल्या काही लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशोब असतो. सकाळी आठला आत गेलात तर चौथ्या दिवशी सकाळी आठपर्यंत तीन दिवस पूर्ण मिळतात. अंधेरीच्या हॉटेलांत हे क्वचित मिळतं. दर सारखा असेल तर तुमच्या गाडीच्या वेळेला चोवीस तासांची खोली जास्त सोयीची.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचं लागतं. झाकलेल्या आकड्यांचं आधार चालतं. मुलांचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्रही घ्या. ठाण्याची नणंद एक रात्र तुमच्याबरोबर राहणार असेल तर आधी सांगा, काही हॉटेलं स्थानिक पत्त्याच्या ओळखपत्रावर खोली देत नाहीत आणि तिला रात्री दारातून परत जावं लागेल.

हॉटेलशिवायचे मार्ग थोडक्यात. घरात कुणी बँकेत किंवा एलआयसीत असेल, निवृत्त असले तरी, तर त्यांच्या संस्थेची मुंबईत विश्रामगृहं आहेत का ते आधी विचारा, तो दर बाजारात कुठेच मिळणार नाही. फोर्टमध्ये मादाम कामा रोडला वायडब्ल्यूसीए या महिलांच्या संस्थेचं आंतरराष्ट्रीय अतिथिगृह आहे, तिथे कुटुंबांना घेतात, जागा अप्रतिम, पण फार आधी धरावं लागतं. जुहूला इस्कॉनचं अतिथिगृह आहे, शुद्ध शाकाहारी, सासूबाईंना आवडेल, पण तिथून मेट्रो ३ लांब पडते. भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट तीन रात्रींसाठी मी घेत नाही. साफसफाईचे पैसे वरून लागतात आणि सोसायटीचा रखवालदार दारात अडवतो. आठवडाभर राहायचं असतं आणि स्वयंपाकघर हवं असतं तर गोष्ट वेगळी.

हॉटेलात जेवलात तर बिलात ‘सेवा शुल्क’ लागलंय का बघा. ते ऐच्छिक आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बिलात सक्तीने लावता येत नाही असंच सांगितलं. काढून द्या म्हटलं की काढतात.

दिवस ठरवताना बंद वार लक्षात ठेवा, नाहीतर महागाची रात्र फुकट जाते. राणीची बाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी. घारापुरीला वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत, तो दिवस तुम्ही दोघं आणि मुलगी जा, आजी-आजोबा धाकट्याला घेऊन नेहरू विज्ञान केंद्रात रमतील. मरोळहून सायन्स सेंटर स्टेशनपर्यंत सरळ मेट्रो आहे. सिद्धिविनायकाला मंगळवार सोडून जा.

शेवटच्या दिवशी परतीची गाडी रात्री साडेदहानंतर आहे आणि खोल्या अकराला सोडायच्या आहेत. दोन्ही सोडू नका. एकच खोली संध्याकाळी सहापर्यंत अर्ध्या दराने मागा, पहिल्याच फोनवर. सगळं सामान तिथे राहतं, दुपारच्या उन्हात सासू-सासरे आणि मुलगा तीन तास झोपून घेतात, तुम्ही मुलीला घेऊन क्रॉफर्ड मार्केटची खरेदी उरकता. संध्याकाळी अंघोळ करून सगळे एकदम मेट्रोने सीएसएमटीला या. या अर्ध्या दिवसाचे बाराशे रुपये पंधरा हजारांच्या थोडे वर जातील, तेवढे जाऊ द्या.